सातव्या दारातली ओ

"पण तिनं ओ दिली होती ना, चाचा? तिन्ही दिवस दिली होती. मग माझं चुकलं कुठं?"

सुभानचाचा दगडावर बसून बुटाची नाडी बांधत होते. बांधून झाली. त्यांनी ती सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली.

"बोला ना, चाचा."

"बोटं वाकत नाहीत रे थंडीत..."

समोर यशवंत फिरके उभा होता. तोंडातून वाफ निघत होती, दोन्ही हातांत लोकरीचे हातमोजे, काखेत घडी घातलेला निळा टी-शर्ट. पहाटेचे सव्वापाच झाले असतील. बाकीची मंडळी पाठीवर जुड्या बांधून केव्हाच निघून गेली होती. कापसाच्या जिनिंगच्या मैदानावर हे दोघे आणि विझत आलेली शेकोटी, एवढंच उरलं होतं.

आता हे ओ देण्याचं प्रकरण काय, ते आधी सांगायला हवं.

सावरखेडी हे सातपुड्याच्या पायथ्याचं गाव. केळीचं गाव. पौषात तिथं अशी थंडी पडते की उभ्या बागेला चरका बसतो, हिरवीगार पानं दोन दिवसांत काळी ठिक्कर. मग बागाईतदार बांधाबांधावर काडीकचरा पेटवून धूर करतात. बागेला ऊब मिळावी म्हणून माणूस जागरण करतो. पण त्याच बागेच्या कडेला, एका खोलीत, एकटी म्हातारी राहत असेल तर तिच्यासाठी धूर कोण करणार? पोरं सुरतला, नाहीतर पुण्याला. हा प्रश्न गावात फक्त एकाला पडला. तो सुभान तडवी.

सुभानचाचांनी छत्तीस वर्षं डोंगरातल्या पाड्यांवर पायी टपाल पोचवलं. जाऊन-येऊन सव्वीस किलोमीटर, रोज. निवृत्त झाले तेव्हा गावानं शाल-नारळ दिला, पण पायांना कोणी निवृत्त करू शकलं नाही. चाचा पहाटे पळायला लागले. पळता पळता पाठीवर पऱ्हाट्यांची जुडी बांधायला लागले. कापूस निघून गेल्यावर शेतात जी वाळकी झाडं उरतात, त्या पऱ्हाट्या. चुलीत घातल्या की भसकन पेटतात. एकेका म्हाताऱ्याच्या दारात एकेक जुडी.

चार वर्षांत त्यांच्यामागे अकरा माणसं झाली. कार्तिकी पुनवेपासून महाशिवरात्रीपर्यंत रोज पहाटे पळायचं, चार दिशांना चार फेऱ्या. सगळ्यांच्या अंगात निळा टी-शर्ट. गावानं त्यांना नाव दिलं, थंडीवाले.

एका मास्तरांनी सुरुवातीला विचारलं होतं, "चाचा, लाकडंच द्यायची तर मोटरसायकलवर देऊ की. अर्ध्या तासात काम."

"मोटरसायकलवर हात गार पडतात," चाचा म्हणाले.

मास्तरांना वाटलं, म्हाताऱ्याची गंमत. पण गंमत नव्हती, त्यांची रीतच तशी होती. दारात जायचं, हाक मारायची. आतून ओ आली की दार उघडायची वाट बघायची. जुडी द्यायची. आणि मग त्या म्हाताऱ्या माणसाचे दोन्ही हात आपल्या हातांत धरायचे. दोन-तीन किलोमीटर पळून आलेल्या माणसाचे तळवे तव्यासारखे तापलेले असतात. ऐंशीच्या घरातल्या माणसाचे हात पौषात सकाळी कसे असतात, ते ज्याने धरलेत त्याला सांगायला नको. चाचा म्हणायचे, पळायचं ते हात तापवायला. लाकडं काय, सोबत नेलेली बरी असतात.

यशवंताचं पंपाचं दुकान. बोअरच्या मोटरी विकायचा, दुरुस्त करायचा. त्याचा कान असा की बोअरच्या तोंडाशी उकिडवा बसून तो सांगायचा, "पाणी वीस फूट खाली गेलंय, मोटर कोरडी चालतेय. बंद करा, नाहीतर जळेल." उघडून बघावं तर तसंच. एकदा एका पाटलानं मुद्दाम खोटं सांगून बघितलं, मोटर दीडशे फुटांवर आहे म्हणून. यशवंत म्हणाला, "एकशे नव्वदवर आहे. वर काढा आणि दोर मोजा." पाटलानं दोर मोजला आणि दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन तीन मोटरींची ऑर्डर दिली. असा कान.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी साखर सांगितली म्हणून तो थंडीवाल्यांत आला. सहा महिन्यांत पोट गेलं, आणि पोटाच्या जागी घड्याळ आलं. मनगटावर बांधायचं, किती पळालो, किती वेळात पळालो ते दाखवणारं. उत्तरेची फेरी सगळ्यांत लांब, नऊ किलोमीटर, सात दारं. ती त्यानं मागून घेतली. सोबतीला कोणी टिकेना, म्हणून तो एकटाच पळायचा.

पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं होतं, "चाचा, हात किती मिनिटं धरायचे?"

चाचा हसले होते. "घड्याळवाल्याचा प्रश्न आहे."

उत्तर मात्र दिलं नव्हतं.

यंदा यशवंतानं लुधियानाहून तीस जोड लोकरीचे हातमोजे मागवले. स्वतःच्या खर्चानं. आतून मऊ, बाहेरून जाड. प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला एक जोड, सरपंचांच्या हस्ते. फोटो निघाले. सगळे म्हणाले, असं डोकं पाहिजे. आणि वाईट काय होतं त्यात? मोजे खरंच चांगले होते.

पण मोजे घातलेले हात धरायचे कशाला? हात धरायचे नाहीत तर दार उघडायचं कशाला? यशवंतानं नवी पद्धत बसवली. हाक मारायची, ओ आली की खिडकीतून जुडी आत टाकायची, पुढं पळायचं. दर दारामागं चार मिनिटं वाचली.

उत्तरेच्या फेरीला आधी दीड तास लागायचा. त्यानं मनाशी ठरवलं, एका तासाच्या आत.

सातवं दार कौतिकआजीचं. ब्याऐंशी वर्षांची. केळीच्या बागेला लागून मातीची एक खोली, वर पत्रे. तिथून मैदान दीड किलोमीटर, म्हणजे अगदी शेवटची दौड. कोणीही तिथं जोर लावणारच.

सोमवारी त्याला अठ्ठावन्न मिनिटं लागली. मंगळवारी सत्तावन्न. बुधवारी छप्पन्न.

बुधवारी त्यानं अकराही जणांना पेढे वाटले.

गुरुवारी त्याला माल आणायला जळगावला जायचं होतं. त्याच्या जागी उत्तरेच्या फेरीला गेल्या अंगणवाडीच्या मंगलाताई बोंडे. अंगानं भारदस्त बाई, पळण्यापेक्षा दम खाणं जास्त. यशवंत त्यांना तोंडावर मालगाडी म्हणायचा आणि त्याही हसायच्या. सातव्या दाराशी पोचेपर्यंत उजाडून गेलं होतं. छातीचा भाता झालेला. हाक मारायलाही श्वास उरला नव्हता, म्हणून त्या आधी उंबऱ्यावर बसल्या आणि डोकं दाराला टेकवलं.

बसल्या म्हणून ऐकू आलं.

आतून, जमिनीलगत, कोणीतरी दात वाजवत होतं.

दाराला आतून कडी. मंगलाताईंनी खांदा लावला. सगळं गाव ज्या अंगाला हसायचं, त्या अंगानं दार एका बिजागरीवर आणलं.

कौतिकआजी खाटेपासून दोन हातांवर पडली होती. रविवारी संध्याकाळी पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून तिथंच. खिडकीखाली तीन जुड्या तशाच बांधलेल्या. तिला दिसत होत्या, पण हात पोचत नव्हता.

हातांत मोजे होते. नवे.

जीपमध्ये मंगलाताईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि रडत विचारलं, "आजी, रोज तर माणूस येत होता. सांगितलं का नाही गं?"

"त्या पोराला घाई असते," आजी म्हणाली.

शनिवारी तालुक्याच्या दवाखान्यात ती गेली.

आज मंगळवार. सुरतहून पोरं आली, कालच राख सावडून झाली. थोरला पोरगा यशवंताच्या दुकानात आला होता. यशवंताला वाटलं, आता हा गचांडी धरणार. पण पोरानं हात जोडले. "भाऊ, आम्ही होतो कुठं? तुम्ही रोज लाकडं दिलीत माझ्या मायला."

यशवंत काउंटरमागं खाली वाकला आणि काहीतरी शोधत राहिला, तो माणूस निघून जाईपर्यंत.

गावात एकानंही त्याला बोल लावला नाही. वय झालं होतं, म्हणाले. म्हातारीनंच लपवलं, त्याला बिचारा तू काय करणार, म्हणाले. मंगलाताई तर म्हणाल्या, "मी पण उभी असते तर मला तरी काय कळलं असतं?" सगळ्यांनी सोडून दिलं. एका माणसाचा शब्द यायचा राहिला होता. तोच दगडावर बसून नाडी बांधत होता.

"तुम्ही एकदा म्हणा, चाचा. यशवंता, तुझी चूक नाही. एवढंच. नाहीतर हा टी-शर्ट घ्या. मी उद्यापासून येत नाही."

"का?"

"हाक निघत नाही तोंडातून. काल फेरीला गेलो. पहिलंच दार, गोविंदबाबांचं. तिथं उभा राहिलो आणि... नाही निघाली. जुडी ठेवली आणि परत आलो."

"गोविंदबाबानं विचारलं असेल."

"नाही. खिडकीतून बघत होते. दार नाही उघडलं."

चाचा उठले. गुडघे वाजले. "चल."

"कुठं?"

"पळायला. थंडीत कुठं जातात माणसं?"

"मी टी-शर्ट द्यायला आलोय."

"दे की. परत आल्यावर."

चाचा निघाले. एकाहत्तर वर्षांचा माणूस, पळणं कसलं, पाय घासत तुरुतुरु चालल्यासारखं. यशवंताला त्यांच्या बरोबरीनं पळायचं म्हणजे जागच्या जागी पाय उचलण्यासारखं. दोनदा तो पुढं गेला, दोनदा थांबला. तिसऱ्यांदा मागंच राहिला.

फेरीची वाट उलट्या बाजूनं धरली की सातवं दार पहिलं लागतं. ते यशवंताच्या लक्षात आलं तेव्हा त्याची पावलं मंदावली.

"तिकडं नको, चाचा."

चाचा पळतच राहिले.

दोन्ही बाजूंना केळी. चरका बसलेली पानं फाटून लोंबत होती. कुठंतरी धूर होता, वास येत होता, दिसत नव्हता.

"पेढे चांगले होते," चाचा म्हणाले.

यशवंतानं काखेतला टी-शर्ट आवळून धरला.

"मी दोन खाल्ले. गोड फार आवडतं मला... तू छप्पन्न म्हणालास. मी म्हणालो, शाबास. म्हणालो की नाही?"

"म्हणालात."

"मोजेसुद्धा मीच वाटले, सरपंचाच्या शेजारी उभं राहून. फोटोत आहे मी."

"मग तुमचीही चूक आहे?"

"मी कुठं विचारलं कोणाला, माझी आहे का म्हणून?"

पावलं वाजत राहिली. एक जड, एक घासत.

"टपालात लागलो तेव्हा मी एकवीसचा होतो," चाचा म्हणाले. दम लागला होता, शब्द तुटत होते. "माझ्याआधी उखा पावरा होता त्या वाटेवर. अंगठेबहाद्दर. पाकिटाच्या रंगावरून आणि वासावरून कोणाचं पत्र ते सांगायचा. सहा महिने मला सोबत हिंडवलं त्यानं. एकच गोष्ट शिकवली. पत्र हातात द्यायचं. उंबऱ्यावर ठेवायचं नाही."

"मग?"

"मी ठेवलं. वरच्या पाड्यावर एक बाई होती, एकटी. दारात कुत्रं फार अंगावर यायचं. मला खाली उतरायची घाई. पत्र उंबऱ्यावर ठेवलं, वर दगड ठेवला, हाक मारली आणि सुटलो. आतून खोकल्याचा आवाज आला होता... म्हटलं, आहे की माणूस. आठ दिवसांनी पुन्हा गेलो तर पत्र दगडाखालीच."

"आणि बाई?"

चाचांनी मान हलवली.

"उखा काय म्हणाला?"

"त्याला वाचता येत नव्हतं. म्हणाला, तू वाच. मी वाचलं."

"काय होतं पत्रात?"

"पोराचं होतं. येतोय, वाट बघ."

यशवंत थांबला. चाचा थांबले नाहीत, म्हणून त्याला पुन्हा पळावं लागलं.

"उखानं माफ केलं तुम्हाला?"

"त्याला माफ करता येत नव्हतं रे. त्याला फक्त चालता येत होतं. तो पुढच्या पाड्याकडं चालायला लागला... मी मागून."

खोली आली.

दार अजून एका बिजागरीवरच लटकत होतं. पोरांनी भांडी नेली होती. खाट तशीच, तीन जुड्या खिडकीखाली तशाच. बाहेर अंगणात, खिडकीपासून दोन पावलांवर, बुटांच्या टाचांनी जमीन जराशी घासली गेली होती. रोज एकाच जागी थांबून एकाच जागेवरून वळणाऱ्या माणसाच्या टाचा.

"तू इथं थांब," चाचा म्हणाले. "रोज थांबायचास तिथंच."

ते आत गेले. दार उचलून चौकटीला लावलं. आतलं दिसेनासं झालं.

"आता हाक मार."

"चाचा, हे काय आहे?"

"मार."

"...आजी."

"अशी नाही. रोज मारायचास तशी."

यशवंतानं घसा साफ केला.

"आजीऽऽ! पऱ्हाट्या! चला, वेळ झाली!"

"ओ," आतून आली.

"कुठून आली?" चाचांनी आतून विचारलं.

"दारामागून. तुम्ही दारामागं उभे आहात."

"पुन्हा."

"आजीऽऽ! पऱ्हाट्या! चला, वेळ झाली!"

"ओ."

"खाटेवरून. बसलात खाटेवर."

"कान शाबूत आहे तुझा. पुन्हा."

"पुरे ना, चाचा."

"पुन्हा."

"आजीऽऽ! पऱ्हाट्या! चला..."

त्याच्यानं पुढचं म्हणवलं नाही.

आत काहीतरी सरकलं. जमिनीला कापड घासल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही. मग पातळ, दबकी, मातीला टेकलेली...

"ओ."

यशवंताची मान खाली, जमिनीकडं गेली.

"कुठून आली?"



केळीचं एक काळं पान देठापासून तुटलं आणि वाळक्या पानांवर पडलं. तेवढा आवाजही त्याला ऐकू आला. तो किती अंतरावर पडला, तेही त्याला सांगता आलं असतं.

"खालून," तो म्हणाला. "जमिनीवरून."

त्यानं मनगटावरच्या घड्याळावर दुसरा हात ठेवला.

"सोमवारी अशीच आली होती, चाचा. रोज ती 'ओ रे बाबा, आली' म्हणायची. सोमवारी म्हणाली, 'ओ... आहे मी. जा तू.' आणि ती खालून आली होती. माझ्या कानाला कळलं होतं. इथंच उभा होतो मी. मला वाटलं, खाली का बसलीय ही? वाटलं होतं, चाचा. तेवढ्यात मी घड्याळ बघितलं. तिनं जा म्हणलं... आणि मी गेलो. मंगळवारीही खालूनच. बुधवारी तर नीट ऐकूही आली नाही, पण मी म्हटलं, आली. जुडी टाकली. जुडी खाली पडली तेव्हा आतून काहीतरी म्हणाली ती. मी तोवर निम्म्या अंगणात होतो. बघायला वळलो नाही. छप्पन्न होत होती."

तो खाली बसला. टाचांनी घासलेल्या त्या जागेवरच.

"आता म्हणू नका काही. चूक नाही असं नका म्हणू. उठा. जाऊ आपण."

आतून आवाज आला, तसाच पातळ, तसाच खालून.

"ओ... आहे मी. जा तू."

"चाचा!"

"जा. तुला घाई असेल."

"चाचा, असं नका करू. उठा. जमीन बर्फ झालीय, तुमच्यानं सोसवणार नाही."

उत्तर नाही.

"चाचा?"

उत्तर नाही.

यशवंत उठला. टी-शर्ट काखेतून खाली पडला, त्याच्यावरच त्याचा पाय पडला. त्यानं लटकतं दार बाजूला केलं. आत अंधार होता, ओल्या मातीचा आणि जुन्या गोधडीचा वास होता. खाटेपासून दोन हातांवर, जमिनीवर, सुभानचाचा कुशीवर पडले होते. डोळे उघडे, खिडकीखालच्या जुड्यांकडं बघत. तिथून त्या अगदी जवळ दिसतात. यशवंतही क्षणभर तिकडं बघत राहिला.

"उठा ना, चाचा."

चाचांनी नुसता एक हात पुढं केला. मग दुसरा.

यशवंत गुडघ्यावर बसला आणि त्यानं ते हात धरले. मोज्यांतून काहीच कळेना. गार की गरम, कशाचा पत्ताच लागेना. त्यानं एक मोजा दातांनी ओढून काढला, मग दुसरा. पुन्हा धरले.

ते हात लोखंडासारखे होते. पहाटे विहिरीवरच्या पाइपाला हात लावला की कसं चटका बसल्यासारखं होतं, तसं झालं. त्याचे स्वतःचे तापलेले होते. त्यानं दोन्ही तळव्यांनी ते झाकून घेतले आणि तो तसाच बसून राहिला. मनगटावरचं घड्याळ एकदा बारीक वाजलं, त्यानं बघितलं नाही.

बाहेर उजाडायला लागलं होतं. गोविंदबाबांच्या बाजूनं कोणाची तरी हाक आली, मंगलाताईंची असावी. तिला ओ आली की नाही, ते इथपर्यंत ऐकू आलं नाही.

"चाचा..."

"हं."

"किती वेळ धरू?"

चाचा जुड्यांकडंच बघत होते.

"तुझे गार पडेपर्यंत."